मूट कोर्टच्या मेमोरियलमध्ये 'जस कोजेन्स' कसं मांडावं

मूट कोर्ट म्हणजे सरावाचा खटला, मेमोरियल म्हणजे त्यातला लेखी युक्तिवाद आणि जस कोजेन्स म्हणजे ज्यातून कुठल्याच देशाला सूट नाही असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम. छळबंदी असा नियम आहे, हे मांडणारं मेमोरियल लिहायला घेतलं की पहिलं वाक्य हमखास 'माणसाला हक्क जन्मतःच मिळतात' असं पडतं. ते खोटं नाही, पण आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे त्यावर निभत नाही. न्यायालयाच्या संविधीतलं कलम 38(1) करार, रूढी आणि कायद्याची सर्वसाधारण तत्त्वं मोजतं. निकाल आणि विद्वानांची मतं पूरक. नैसर्गिक कायद्याचा, म्हणजे हक्क निसर्गतःच मिळतात या विचाराचा, तिथे उल्लेखच नाही.

म्हणून करारांच्या कायद्याविषयीच्या 1969 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 53 आधी घ्या. नियमातून सूट नाही, आणि सूट नाही हे समस्त राष्ट्रसमुदायाला मान्य आहे, अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. दुसरी बहुतेक जण विसरतात. पुरावा कसा रचायचा ते बेल्जियम विरुद्ध सेनेगल (2012) निकालाच्या परिच्छेद 99 मध्ये बघा: व्यापक प्रथा आणि ती कायदा म्हणून पाळल्याची जाणीव, सार्वत्रिक करार, जवळजवळ सर्व देशांचे अंतर्गत कायदे, छळाचा वेळोवेळी झालेला निषेध. हाच क्रम सरळ उचला.

मग नैसर्गिक कायदा कुठे? एका परिच्छेदात, 'आम्ही सुरुवातीपासून विरोध केला होता' या बचावाला उत्तर देताना. रूढीत हा बचाव चालतो, जस कोजेन्सपुढे नाही. आणि तो का नाही, हे देश फक्त स्वतःच्या संमतीनेच बांधला जातो या सिद्धांताने नीट सांगता येत नाही. प्रतिवादी हुशार असेल तर मानवी हक्कांच्या 1948 च्या सार्वत्रिक जाहीरनाम्याच्या कलम 1 मधून 'निसर्गतः' हा शब्द मसुद्याच्या वेळी गाळला गेला, हे काढणारच. तयारी ठेवा.

मेमोरियल पडतं ते अधिकारक्षेत्रावर. नियम कितीही वरचा असो, त्यामुळे न्यायालयाला खटला ऐकायचा अधिकार आपोआप मिळत नाही (काँगो विरुद्ध रवांडा, 2006). परक्या देशाची न्यायालयीन प्रतिरक्षाही (दुसऱ्या देशाच्या न्यायालयात त्याच्यावर खटला न चालण्याचं संरक्षण) ढळत नाही: जर्मनी विरुद्ध इटली, 2012, 12 विरुद्ध 3. कारण प्रतिरक्षा ही प्रक्रियेची बाब. कृत्य कायदेशीर की बेकायदा, हे ती ठरवत नाही.

नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या कलम 4(2) मधली यादीही जशीच्या तशी चिकटवू नका. करारातली देणी फेडता न आल्याबद्दल तुरुंगवास नको, हा हक्क आणीबाणीतही स्थगित होत नाही. पण तेवढ्यानं तो जस कोजेन्स ठरत नाही.

तोंडी फेरीत एक प्रश्न येतोच: परिच्छेद 99 मधलं विधान निकालाला आवश्यक होतं का? नव्हतं, हे सरळ मान्य करा आणि संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या जस कोजेन्स नियमांच्या 2022 च्या यादीकडे वळा. तिच्यातल्या आठ नियमांत छळबंदी आहे.