फिल्टरचं पाणी खरंच वेगळं लागतं का, घरीच तपासा

नेरुळला आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, तरी आई म्हणते फिल्टरचंच गोड लागतं. हे तपासायचं तर "फरक लागतो का?" असं विचारूच नका, कारण काहीजण शंका आली तरी हो म्हणतात, काही खात्री असल्याशिवाय नाहीच, मग जिभेऐवजी सवय मोजली जाते. त्यापेक्षा तीन सारखे पेले घ्या, दोनात एक पाणी, तिसऱ्यात दुसरं, आणि वेगळा कुठला ते सांगायलाच लावा. क्रम फाशाने ठरवा (दोन पेल्यांत कुठलंही पाणी चालेल, म्हणून सहाच क्रम होतात, मस्त जमतं). पाणी एकाच तापमानाचं हवं, हे लोक हमखास विसरतात! भरणाऱ्याने दुसऱ्या खोलीत जायचं, चेहऱ्यावरून कळतं हो. नुसत्या अंदाजाने 12 फेऱ्यांपैकी साधारण 4 बरोबर येतातच, 8 आले तर फरक लागतो असं माना.