लॉन मोअरचं इंजिन ऑइल गाळतंय? सील काढण्याआधी बरंच काही बघायचं असतं

छोट्या इंजिनांच्या कामात नवीन आलेल्यांना मी सुरुवातीला ऑइल गळतीचं काम मुद्दाम देतो. या एका कामात इंजिन आतून समजायला लागतं: ऑइल कुठे उडतं, दाब कुठे तयार होतो, तो बाहेर कसा पडतो. पण बहुतेक जण खाली ओल दिसली की थेट खालचं ऑइल सील (शाफ्टभोवतीची ऑइल अडवणारी रबरी कडी) काढायला घेतात. नवं सील बसतं, यंत्र काही दिवस कोरडं राहतं आणि पुन्हा गळायला लागतं. सील खराब झालेलं असतं हे खरंच, पण ते कशामुळे झालं हे कुणी पाहिलेलं नसतं.

ढकलत चालवायच्या मोअरमध्ये क्रँकशाफ्ट, म्हणजे पातं फिरवणारा मुख्य शाफ्ट, उभा असतो. वर फ्लायव्हील, खाली पातं. त्यामुळे ऑइल कुठूनही निघालं तरी ओघळत खालीच येतं. शिवाय फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा ते सगळीकडे पसरवते आणि त्यावर गवताचा भुसा चिकटतो. म्हणजे जिथे ओलं दिसतं तिथूनच गळतंय असं धरून चालू नका.

हात लावण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढून लांब बांधून ठेवा. पातं हाताने फिरवलं तरी इंजिन स्टार्ट होऊ शकतं, त्यामुळे ही सवय पहिल्या दिवसापासून लागलीच पाहिजे. टाकीतलं पेट्रोल काढा आणि यंत्र कलंडवताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवा. उलट्या बाजूला कलंडवलं की ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं, मग स्टार्ट केल्यावर पांढरट निळा धूर निघतो आणि फिल्टरच्या डब्यातून ऑइल टपकतं. गळतीची म्हणून येणारी कितीतरी यंत्रं फक्त चुकीच्या बाजूला कलंडवलेली असतात.

आता डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी. यंत्र सपाट जागेवर ठेवून पातळी बघा. या इंजिनांत ऑइल साधारण अर्धा ते पाऊण लिटरच मावतं, त्यामुळे शंभर-दीडशे मिली जादा पडलं तरी ते खूप जास्त होतं. फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो आणि ब्रीदरवाटे (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेने) ऑइल बाहेर यायला लागतं. पातळी बघितल्यावर डिपस्टिक नाकाजवळ न्या. पेट्रोलचा वास आला आणि ऑइल पातळ लागलं, तर कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाहीये. यंत्र नुसतं उभं असतानाही पेट्रोल हळूहळू सिलिंडरमधून क्रँककेसमध्ये, म्हणजे खालच्या ऑइल असलेल्या पोकळीत, उतरत राहतं आणि ऑइल न घालताच पातळी वाढते. असं इंजिन स्टार्टसुद्धा करू नका, पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग लवकर खराब होतात. नीडल आणि तिची सीट दुरुस्त करा, ऑइल बदला, मग पुढचं बघू.

हे दोन्ही ठीक असेल तर इंजिन डिग्रीझरने स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडं करा. सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि टॉर्च घेऊन बसा. पावडरवर जी ओली रेघ सगळ्यात वर दिसेल, तिथे गळतीचा उगम. रेघ टॅपेट कव्हरखालून (वाल्व्हवरच्या झाकणाखालून) निघते का, डिपस्टिकच्या नळीच्या बुडातून, ड्रेन प्लगमधून, की चेंबरच्या (इंजिनाच्या तळाच्या झाकणाच्या) सांध्यातून, हे वरून खाली बघत या. नळीची ओ-रिंग किंवा टॅपेट कव्हरचं गॅस्केट बदलणं हे थोड्या वेळाचं काम आहे, त्यावर जास्त काही लिहीत नाही.

मला जास्त बोलायचंय ते ब्रीदरबद्दल, कारण नवीन मुलं त्याच्याकडे बघतच नाहीत. पिस्टन खाली आला की क्रँककेसमधली हवा दाबली जाते. ब्रीदरची छोटी झडप ती हवा बाहेर सोडते आणि पिस्टन वर जाताना बंद होते, त्यामुळे धडधाकट इंजिनाच्या क्रँककेसमध्ये सरासरी थोडा निर्वात असतो. ऑइल आत राहायला याच निर्वाताची मोठी मदत होते. झडप चिकटली, वाकली किंवा तिच्याकडून ऑइल परत जायचं बारीक भोक गाळाने बुजलं, की आतला दाब ऑइलला मिळेल त्या वाटेने बाहेर ढकलतो.

माझ्याकडे एक मोअर आला होता, त्याचं खालचं सील आधी दुसरीकडे एकाहून जास्त वेळा बदललं होतं. मी डिपस्टिकच्या नळीला बूच बसवून त्यातून पारदर्शक नळी काढली, ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवली आणि तिच्यात थोडं पाणी घातलं. इंजिन सुरू केल्यावर पाणी इंजिनाकडच्या बाजूला वर चढायला हवं होतं. ते उलट बाहेरच्या बाजूला सरकत गेलं. ब्रीदर उघडला तर ऑइल परतीचं भोक काळ्या गाळाने पूर्ण बंद. साफ केला, गॅस्केट बदललं, तेच सील ठेवलं आणि इंजिन कोरडं राहिलं.

ब्रीदर नीट असूनही दाब दिसत असेल, तर ज्वलनाचा वायूच आत उतरतोय. अशा वेळी लीक-डाउन टेस्ट करा. दाबाची हवा प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये सोडली आणि डिपस्टिकच्या नळीतून फुसफुस ऐकू आली, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. ओव्हरहेड वाल्व्ह इंजिनात मात्र आणखी एक जागा तपासा: सिलिंडर आणि पुशरॉडची (वाल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांची) पोकळी यांच्या मधल्या पट्टीवर हेड गॅस्केट उडालं की अगदी हीच लक्षणं दिसतात. रिंगांचा खर्च करण्याआधी हेड खोलून बघा.

हे सगळं झाल्यावर सील. पातं काढलं की शाफ्टवर गुंडाळलेली दोरी, तार किंवा नायलॉनचा धागा शोधा. तो सीलमध्ये शिरून लिप, म्हणजे शाफ्टला टेकणारी रबरी कड, कापतो. मग पातं बसायच्या टोकाकडे बघत शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. टोक डगमगताना दिसलं तर पातं दगडावर आपटून क्रँकशाफ्ट वाकलाय. शाफ्ट सरळ फिरतो पण हाताने आडवा हलतो, तर बेअरिंगची जागा झिजली आहे. दोन्हीत नवं सील टिकणार नाही, आणि वाकलेल्या शाफ्टवर पातं फिरवणं धोक्याचं आहे. हे मालकाला काम हाती घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगा.

शाफ्ट ठीक असेल तर त्यावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. जुनं सील उचकटताना पेचकस शाफ्टला लागू देऊ नका, एक ओरखडा पुरतो. काढण्याआधी ते किती खोल बसलंय ते मोजून ठेवा. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे. लिपवर ऑइल लावा, चावीच्या खाचेवर पातळ टेप गुंडाळा, नाहीतर खाचेची धार लिप चिरते. मग सीलच्या कडेवर बसेल अशा पाइपने सारखे हलके ठोके देत ते सरळ बसवा. फ्लायव्हीलखालचं वरचं सील बदलायचं असेल तर फ्लायव्हील पुलरनेच काढा.

चेंबरचं गॅस्केट गेलं असेल तर इंजिन उलटं ठेवून चेंबर वर उचला, म्हणजे टॅपेट आणि कॅमशाफ्ट जागेवर राहतात. टायमिंगच्या खुणा तरीही जुळवून घ्या. ॲल्युमिनियम मऊ असतं, म्हणून जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. काही इंजिनांत गॅस्केटच्या जाडीवरच शाफ्टचा वर-खाली प्ले (मोकळीक) ठरतो, त्यामुळे तेवढ्याच जाडीचं लावा. गॅस्केटऐवजी सिलिकॉन थापू नका. आत सुटलेले तुकडे ऑइलच्या वाटा बंद करतात. बोल्ट तिरके-समोरासमोर, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. अंदाजाने आवळले की आटे जातात.

मॅन्युअलमध्ये दिलेलंच ऑइल भरा, इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवा, मग पुन्हा पावडर आणि पुन्हा टॉर्च. यू नळीही परत लावून बघा. काढलेलं ऑइल डब्यात भरून पुनर्वापरासाठी द्या, गटारात किंवा मातीत नको. यंत्र परत देताना मालकाला ते कोणत्या बाजूला कलंडवायचं हे हाताने करून दाखवा.