जायंट्स कॉजवेला जाताय? छत्री नागपुरातच ठेवा

उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण उन्हाळा म्हणून टी-शर्टवर जाऊ नका. नागपूरकराला तो उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर, वर वारा. छत्री पहिल्याच झोतात उलटते; टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेटच घ्या.

खरी गंमत याच किनाऱ्यावरच्या जायंट्स कॉजवेच्या दगडांत. सुमारे 40,000 खांब, बहुतेक षट्कोनी, जणू कोणी फरशी बसवलीय. लाव्हा थंड होताना आकसला आणि तडकला, त्यातून हे आकार झाले. दगड बेसाल्ट, म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचाच भाऊबंद!

पाण्यालगतच्या काळ्या दगडांवर मात्र पाय ठेवू नका. शेवाळ दिसत नाही, पण पाय सटकतो. फोटोच्या नादात मी तिथे सपशेल बसलोय. तळव्याला खाचा असलेले बूट हवेत; आपले रोजचे सँडल कुचकामी. समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका, लाट सांगून येत नाही.

दगड बघायला पैसे पडत नाहीत. पैसे पार्किंग आणि व्हिजिटर सेंटरचे. गुडघे साथ देत असतील तर परतताना शेफर्ड्स स्टेप्सच्या 162 पायऱ्या चढा. वरून अख्खा किनारा दिसतो.

जवळच कॅरिक-अ-रीडचा झुलता पूल आहे, समुद्रापासून सुमारे 30 मीटर उंच. वारा वाढला की बंद करतात, म्हणून निघायच्या सकाळी चौकशी करा.

आणि हो, हा भाग युनायटेड किंगडममध्ये (यूके) येतो. डब्लिनला, म्हणजे आयर्लंड या वेगळ्या देशात उतरणार असाल तर दोन्हीकडच्या व्हिसाचं आधीच बघा.