रात्री गरवताना ब्रेडेड दोरीला गाठी: माझा अनुभव
अमेरिकेतल्या केप कॉड कालव्यावर रात्री स्ट्राइप्ड बास हे मासे गरवताना माझ्या ब्रेडेड (धागे विणून केलेल्या) दोरीला दर दहा-बारा फेकींमागे गाठ बसायची. अंधारात ती सोडवणं म्हणजे नुसता वैताग. दोरी बदलली, महागडं रीळ घेतलं, फरक शून्य.

दोष रिळावर सैल बसणाऱ्या दोरीच्या वेटोळ्यांचा होता. आधी दोरी ओल्या फडक्यातून ताणून, स्पूलच्या (रिळाच्या ज्या भागावर दोरी गुंडाळली जाते त्याच्या) कडेखाली ३ मिलिमीटर जागा सोडून भरली. आता फेकल्यावर बोट दोरीजवळच ठेवतो. रात्री आमिष पडताना दिसत नाही, म्हणून ‘छपाक’ ऐकू येताच दोरी बोटाने अडवतो. मग बेल (फेकताना उघडायची रिळावरची तारेची कडी) हातानेच बंद करतो, हँडल फिरवून कधीच नाही. रिळाजवळची दोरी धरून एक हिसका देतो, ढील गेली की गुंडाळायला लागतो. वारा असेल तर काठीचं टोक खाली.