'अधीन असा' हे वचन नवराबायकोने घरी बसून कसं वाचायचं

आपल्याकडे ख्रिस्ती लग्नाच्या उपासनेत बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या इफिसकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय हमखास वाचतात आणि बऱ्याचदा वाचन सुरू होतं २२व्या वचनापासून, पत्नींनो पतीच्या अधीन असा. लग्नाच्या गडबडीत कोणी नीट ऐकत नाही, मग सहा महिन्यांनी पहिलं भांडण झालं की तेच वचन कोणीतरी काढतं, कधी नवरा, कधी सासू, कधी मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं कोणी वडीलधारं. मी गेली काही वर्षं आमच्या मंडळीत लग्न ठरलेल्या मुलामुलींबरोबर बसते, स्वतःच्या लग्नालाही सोळा वर्षं झाली, त्यामुळे सांगते, हे वचन टाळून चालत नाही. दोघांनी मिळून वाचावं लागतं, आणि शक्यतो लग्नाआधी.

आधी वेळ ठरवा. रविवारी उपासनेहून आल्यावर नको, कारण त्या वेळी ती थेट स्वयंपाकघरात जाते आणि तो सोफ्यावर बसतो, मग वाचायच्या आधीच भूमिका ठरलेल्या असतात. शनिवारी रात्री जेवणं, भांडी सगळं आवरल्यावर बसा, पाऊण तास पुरतो. एक पवित्र शास्त्र, एक वही, फोन दुसऱ्या खोलीत.

वाचायला सुरुवात २१व्या वचनापासून करा, २२ पासून नाही, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. २१ मध्ये पौल सगळ्यांनाच म्हणतो की ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. आणि गंमत नाही, खरी गोष्ट आहे, सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांपैकी काहींमध्ये, उदाहरणार्थ चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन प्रतीमध्ये, २२व्या वचनात 'अधीन असा' हे क्रियापदच नाहीये, ते वरच्या २१ मधून घेतलेलं आहे. म्हणजे २१ तोडून टाकलं तर २२ ला उभं राहायला पायच उरत नाही.

आता एक नियम पाळा, जे वचन ज्याला उद्देशून आहे ते त्यानेच मोठ्याने वाचायचं. बायकोची वचनं बायको वाचेल, नवऱ्याची नवरा वाचेल, दुसऱ्याचं वचन दुसऱ्याला ऐकवायचं नाही. हा नियम माझ्या मनाचा नाही, पौल स्वतःच तसं लिहितो. तो बायकांशी थेट बोलतो, नवऱ्यांशी थेट बोलतो, पण नवऱ्यांना कुठेही असं सांगत नाही की बायकोला अधीन करा. त्या काळच्या रोमी घरात सगळा अधिकार बापाच्या हातात, घर कसं चालवावं हा उपदेशही बहुतेक त्यालाच केला जायचा, तिथे बायकांना आणि मुलांना, अगदी दासांनाही वेगळं संबोधून बोलणं ही साधी गोष्ट नव्हती. मोजूनही बघा, बायकांना २२ ते २४ अशी तीन वचनं, आणि २५ पासून पुढचा जवळजवळ सगळा भाग नवऱ्यांना. त्यांना सांगितलंय काय तर ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तशी प्रीती करा. आमच्याकडे एका मुलाने हे पहिल्यांदा मोठ्याने वाचलं तेव्हा तो मध्येच थांबला आणि म्हणाला, माझ्याकडून मागितलेलं जास्त आहे की. तेवढं कळलं तरी संध्याकाळ सार्थकी लागली.

पुढे अडणार २३व्या वचनातल्या 'मस्तक' या शब्दावर, पती पत्नीचं मस्तक आहे असं तिथे म्हटलंय. इथे ख्रिस्ती लोकांतच खरे मतभेद आहेत आणि ते लपवू नका. एक बाजू म्हणते स्त्रीपुरुष देवापुढे समान पण घरात नेतृत्व पुरुषाचं. अमेरिकेत १९८७ साली या मताच्या लोकांनी डॅनव्हर्स निवेदन तयार केलं, आणि तिथल्याच सदर्न बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाने १९९८ मध्ये आपल्या विश्वासपत्रात कुटुंबावर कलम घातलं की पत्नीने पतीच्या नेतृत्वाच्या अधीन राहावं. दुसरी बाजू म्हणते की अधीनता दोन्हीकडून आहे, आणि कॅथलिकांमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ मध्ये स्त्रियांच्या प्रतिष्ठेवर जे पत्र लिहिलं त्यात हेच म्हटलंय, की पतीपत्नीत अधीनता एकतर्फी नाही, परस्परांची आहे. मी दुसऱ्या बाजूची आहे, उघड सांगते. पण तुमच्या घरात पहिलं मत असेल तरी एवढं विचारा, मस्तक म्हणवणाऱ्याने या महिन्यात घरासाठी स्वतःचं काय सोडलं? वहीत लिहायला उत्तर नसेल तर ते मस्तक या वचनातलं नाही.

मग उत्पत्तीकडे, म्हणजे शास्त्राच्या पहिल्या पुस्तकाकडे या. दुसऱ्या अध्यायात स्त्रीसाठी साहाय्य करणारी अशा अर्थाचा शब्द आहे आणि तो ऐकून लोकांना हाताखालची बाई आठवते. मूळ हिब्रू शब्द एझेर, जुन्या करारात तो २१ वेळा येतो आणि बहुतेक वेळा देवासाठीच येतो, स्तोत्र १२१ मध्ये माझं साहाय्य परमेश्वराकडून येतं म्हणतो ना, तोच. देव काय आपल्या हाताखालचा आहे का? आणि नवऱ्याबद्दल स्त्रीला सांगितलेलं 'तो तुझ्यावर सत्ता चालवील' हे वाक्य तिसऱ्या अध्यायात आहे, पाप घडल्यानंतर. तो बिघाड आहे, घराचा नकाशा नाही. हिब्रू ग्रीक हे पाळकांचं काम, आपल्याला काय कळतंय, असं वाटत असेल तर पंडिता रमाबाई आठवा, त्या दोन्ही भाषा शिकल्या आणि अख्खं शास्त्र मराठीत आणलं, केडगावात ते छापलं गेलं.

इथेच थांबून २:२४ पण वाचा, कारण आपल्या घरांत हे सगळ्यात जास्त उलटं झालंय. तिथे लिहिलंय की पुरुष आईबापाला सोडून बायकोशी जडून राहील. सोडतो पुरुष! आपल्याकडे सोडते मुलगी, आणि मुलगा आईच्याच हातचं जेवत राहतो. याचा अर्थ सासूसासऱ्यांना टाका असा अजिबात नाही, आईबापाचा मान राख ही आज्ञाच आहे. अर्थ एवढाच की निर्णय आधी दोघांत होईल, मग आईला कळेल, आधी आईशी बोलून मग बायकोला कळवायचं असं नाही. लग्नाआधीच मुलाने हे घरी शांतपणे सांगावं, नंतर सांगितलं की सुनेने शिकवलं असंच होतं.

वाचून झालं की एक आठवडा वही चालवा. कोण किती वाजता उठलं, डबे कोणी केले, पाणी कोणी भरलं, आईचं औषध कोणाच्या लक्षात राहिलं, सगळं. लक्षात ठेवण्याचं कामही लिहा, ते दिसत नाही पण थकवतं. आमची वही भरली तेव्हा नवरा म्हणाला मी मदत करतो की, आणि तिथेच आमची खरी बोलणी सुरू झाली, कारण मदत दुसऱ्याच्या कामाला करतात, घर तर दोघांचं आहे. तीन कामं पूर्ण त्याची झाली, आठवण न करता. पैशाचंही तसंच, पगार कोणाचाही असो, दशमांश, म्हणजे मंडळीला द्यायचा मिळकतीचा दहावा भाग, किती, माहेरी किती पाठवायचे, कर्ज कशाला, दोघांना आकडे माहीत हवेत.

एकमत नाही झालं तर? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल अगदी खासगी गोष्टीबद्दल लिहितो, की पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार तसाच पतीच्या शरीरावर पत्नीचा, आणि वेगळं राहायचं तर परस्परांच्या संमतीनेच. एवढ्या जवळच्या गोष्टीत संमती लागते तर फ्लॅट घेताना का नाही? आम्ही निर्णय आठवडाभर पुढे ढकलतो, आणि तरी अडलं तर ज्याला त्याचा भार जास्त उचलायचा त्याचं मत जड. बदली त्याची पण नोकरी सोडावी लागणार तिला, तर तिचा शब्द जड.

मारहाण होत असेल तर मात्र वरचं काहीही करत बसू नका. माझ्या ओळखीच्या एका बाईला मंडळीतल्या जबाबदार माणसाने सांगितलं होतं की सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल. ती अकरा वर्षं सहन करत राहिली, हे आठवलं की आजही माझ्या घशात अडकतं. प्रेषित पेत्र आपल्या पत्रात नवऱ्यांना सांगतो की बायकोला मान द्या, ती तुमच्याबरोबर कृपेची वारस आहे, नाहीतर तुमच्याच प्रार्थनांना अडथळा येईल. हात उचलणाऱ्याला शास्त्रात आसरा नाही. आधी सुरक्षित जागी जा, १८१ वर फोन करा, २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. क्षमेचं नंतर बघता येतं, क्षमा म्हणजे परत त्याच खोलीत जाणं नव्हे.

मुलींचा वाटा हा विषयही याच वहीत यावा. महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केलं नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगामुलगी सगळ्यांना सारखं. तरी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, भावाचं मन मोडू नये म्हणून. सही करायच्या आधी जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाचा २७वा अध्याय वाचा, सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचं वतन मागतात आणि देव म्हणतो त्या बरोबर बोलतात.

राहिली कौटुंबिक प्रार्थना. ती बापानेच घ्यायची असं काही नाही, पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आजी लोइस आणि आई युनीके यांच्याकडून आला असं पौलच लिहितो. वार वाटून घ्या, मुलांनाही द्या. आमच्याकडे गुरुवार धाकट्याचा, तो आधी सगळ्यांची ताटं उचलतो, ओटा पुसतो आणि मग गीतपुस्तक घेऊन बसतो.