मोतीबिंदूच्या शिबिरात पहिल्यांदा जाताना

बी.ऑप्टोम.ची, म्हणजे नजर तपासण्याच्या पदवीची, चार वर्षं संपवून एका धर्मादाय रुग्णालयात लागले, तेव्हा मला ओढ होती ती ऑपरेशन थिएटरची. पाठवलं मात्र मानखुर्दच्या शिबिरात, हातात टॉर्च आणि अक्षरांचा तक्ता देऊन. आता नव्याने येणाऱ्यांना मी तिथूनच सुरुवात करायला सांगते.

देशात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदू आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत त्याचा वाटा ६६.२ टक्के निघाला. तरी माणसं उशिरा येतात. "पिकू दे, मग काढू" हा समज अजून घरोघरी आहे. बाहुली पांढरी झालेली असते, तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही दिसत नसतं. अशा वेळी "आजी, दिसेल हं" म्हणायची घाई करू नका. दुसरा डोळा नीट झाकून टॉर्च चारही बाजूंनी दाखवा, उजेड कुठून येतोय ते बोटाने दाखवायला सांगा. एखाद्या बाजूचा उजेड कळलाच नाही, तर मागे काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असू शकतो. मग मोतीबिंदू काढूनही नजर पूर्ण येत नाही. हे डॉक्टरांना आणि घरच्यांना ऑपरेशनच्या आधीच कळायला हवं.

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर काढायचं काम, म्हणजे बायोमेट्री, मनापासून शिका. पूर्ण पिकलेल्या मोतीबिंदूतून प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राचा किरण पार जात नाही, म्हणून ए-स्कॅनचा, म्हणजे ध्वनिलहरींवर चालणाऱ्या यंत्राचा, प्रोब डोळ्याला टेकवून डोळ्याची लांबी मोजतात. हात जरा जड पडला की बुबुळ दबतं, डोळा आखूड भरतो आणि भिंग जास्त पॉवरचं निघतं. एका मिलिमीटरची चूक म्हणजे अडीच-तीन नंबरचा फरक.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यात एका मावशींचा उजवा डोळा २३.१ मिलिमीटर भरला, डावा २२.३. मी कागद तसाच पुढे दिला. मॅडमनी परत केला. "दोन डोळ्यांत एवढा फरक? पुन्हा घे." हात हलका ठेवून पाच वेळा मोजलं, डावा २३ भरला. पहिल्या मापाचं भिंग बसलं असतं, तर मावशींना लांबचं धूसरच दिसलं असतं आणि त्यांनी ते नशीब म्हणून सोसलं असतं. ते अजूनही मनाला लागतं. फरक ०.३ मिलिमीटरच्या वर गेला, की मी पुन्हा मोजल्याशिवाय सहीच करत नाही.

ऑपरेशननंतर घरी थेंब कोण घालणार ते नाव घेऊन विचारा आणि वेळा त्याच माणसाला समजावा. महिन्याभराने चष्म्याच्या नंबरासाठी यायचं असतं, पण दिसू लागलं की बरेच जण फिरकत नाहीत. म्हणून मी शेजारच्यांचाही फोन नंबर लिहून घेते. आजींचा फोन बहुतेक वेळा मुलाबरोबर कामावर गेलेला असतो.