ओल्या, चिकट जागी काम करणाऱ्यांनी बूट कसे निवडावेत

गमबूट घेताना बहुतेक जण आधी उंची बघतात. आधी बघावा तो तळवा. पाय भिजला तर त्रास होतो, घसरला तर हाड मोडतं.

पहिली पायरी जमिनीची. टाइल्स किंवा गुळगुळीत काँक्रीट असेल, तर सपाट तळव्यावर दाट कोरलेल्या बारीक खाचा हव्यात. टेकणारा भाग जास्त मिळतो आणि खालचं पाणी कडेला निघून जातं. शेतात, खोदकामात खोल आणि विरळ नक्षी घ्या, म्हणजे चिखल झडून पडतो. उलट केलंत तर फसगत ठरलेली: खोल नक्षीचा बूट ओल्या टाइलवर मोजक्या जागी टेकतो, आणि बारीक खाचा चिखलात दोन पावलांत बुजतात. लेबलवर एसआरसी ही घसरण-रोधाची खूण असेल, तर साबणपाण्याची टाइल आणि ग्लिसरीन लावलेलं पोलाद, या दोन्हींवरची घसरण-चाचणी त्या बुटाने पार केलेली असते. आयएसओ 20345 या सुरक्षा-बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2022 च्या आवृत्तीनुसार बनलेल्या बुटांवर एसआरसी नसते, तिथे एसआर शोधा.

मग बुटाला पाणी, तेल, काँक्रीट यांपैकी काय लागणार ते बघा. पाणी-चिखलाला पीव्हीसी पुरतं, पण कडाक्याच्या थंडीत ते ताठरतं. शीतगृहात पॉलियुरेथेन बरं, हलकं आणि उबदार. तेल-चरबी असेल तिथे नायट्राइल रबर घ्या. साधं रबर तेलाने फुगतं. ओलं काँक्रीट मात्र फसवं. त्याचा पीएच 12-13 म्हणजे तीव्र अल्कली असतो, त्वचा भाजते आणि सुरुवातीला कळतही नाही. तिथे उंच बूट घाला आणि पँट बुटात न खोचता बाहेर सोडा.

जड वस्तू पडण्याची भीती असेल तर एस4 खुणेचा बूट (बोटांवर 200 ज्यूलचा आघात झेलणारी टोपी), खिळे-पत्रेही असतील तर एस5 (तळवाही न भोसकणारा).

ओल्या जागी अधूनमधूनच जायचं असेल, तर नेहमीच्या बुटावर चढवायचा रबरी ओव्हरशू पुरे. पातळ निळी शू-कव्हर मुळात फरशी स्वच्छ राहावी म्हणून असतात. ओल्या फरशीवर ती घातलीत तर घसरलातच.

माप संध्याकाळी घ्या, कामाचे मोजे घालून. बोटांपुढे साधारण 1 सेंमी जागा राहावी. सैल बूट टाच घासतो, आणि चिखलात रुतला की पाय बाहेर, बूट आत.

काम संपल्यावर खाचा ब्रशने, साबणाने धुवा. चरबी साचली की सगळी पकड गेली. आतलं इनसोल काढून सावलीत वाळवा, हीटरसमोर नको. गळती तपासायची तर आत कोरडा कागद घालून बूट घोट्यापर्यंत 10 मिनिटं बादलीत दाबून धरा, नाहीतर तरंगतो. भेग बहुधा चवड्याच्या घडीवर पडते. तिथे लावलेलं ठिगळ पावलागणिक दुमडतं आणि सुटतं, म्हणून बुटांची जोडीच बदला.